वाळूची साक्ष आणि पंचांची नजर

कुणकेश्वर - मे २०२५ मध्ये दीवच्या घोघला किनाऱ्यावर पहिल्या 'खेलो इंडिया बीच गेम्स' पार पडल्या. व्हॉलीबॉल, फुटबॉल, कबड्डी, सेपाक टकरा, पेंचाक सिलाट आणि खुल्या पाण्यातील जलतरण अशा सहा खेळांत पदके होती. या स्पर्धेचे सर्वसाधारण विजेतेपद पटकावले ते मणिपूरने. ज्या राज्याला समुद्र लाभलेलाच नाही, त्याने किनारपट्टीच्या राज्यांना मागे टाकावे, ही बाब कोकणाने मनावर घ्यावी अशी आहे. किनारा असणे वेगळे आणि किनाऱ्यावरचा खेळ येणे वेगळे. त्यासाठी सराव लागतो, मैदान लागते आणि नियमांचे ज्ञान लागते. पहिल्या दोन गोष्टींची चर्चा होते. तिसरीकडे मात्र सहसा सामना वादात सापडल्यावरच लक्ष जाते.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. देवगड तालुक्यातील कुणकेश्वर हे त्या पर्यटनाचे एक ठळक ठिकाण. महाशिवरात्रीच्या यात्रेत देवस्वाऱ्या तीर्थस्नानासाठी ज्या किनाऱ्यावर येतात, तोच किनारा वर्षातील इतर दिवशी पर्यटकांचा आणि खेळणाऱ्यांचा असतो. रुंद, सपाट वाळूत दोन खांब रोवून जाळे बांधले की व्हॉलीबॉल सुरू होतो. सुटीतील विरंगुळ्यापुरता हा खेळ आपापसातील समजुतीवर चालतो. स्पर्धा सुरू झाली, की समजूत पुरत नाही. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण असलेल्या राज्यात जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्या चढू पाहणाऱ्या मुलामुलींना एका चुकीच्या शिट्टीची किंमत मोठी मोजावी लागू शकते. म्हणूनच बीच व्हॉलीबॉलमध्ये कोणता निर्णय वस्तुस्थितीवर ठरतो आणि कोणता पंचांच्या विवेकावर सोडलेला आहे, हे नीट समजून घेणे आवश्यक ठरते.

प्रत्येक शिट्टीला एक गुण

बीच व्हॉलीबॉल १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकपासून पदकाचा खेळ आहे. प्रत्येक संघात दोनच खेळाडू असतात, राखीव खेळाडू नसतो. मैदान १६ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद. जाळ्याची उंची पुरुषांसाठी २.४३ मीटर, तर महिलांसाठी २.२४ मीटर. पहिले दोन सेट २१ गुणांचे, तिसरा १५ गुणांचा आणि प्रत्येक सेटमध्ये दोन गुणांची आघाडी आवश्यक.

२००० च्या सिडनी ऑलिम्पिकपर्यंत चित्र निराळे होते. मैदान सहा खेळाडूंच्या व्हॉलीबॉलइतकेच, म्हणजे १८ बाय ९ मीटरचे होते आणि गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या संघाला मिळत असे. समोरच्या संघाने रॅली जिंकली तर त्याच्याकडे केवळ सर्व्हिस जाई. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकपर्यंत मैदान लहान झाले आणि प्रत्येक रॅलीला गुण देण्याची पद्धत रूढ झाली. सामन्याचा वेळ आटोक्यात आला, दूरचित्रवाणीचीही सोय झाली. मात्र या बदलाचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. जुन्या पद्धतीत पंचांची चूक अनेकदा फक्त सर्व्हिस गमावण्यावर निभावत असे. नव्या पद्धतीत प्रत्येक शिट्टी म्हणजे एक गुण. १९-१९ अशा बरोबरीत एक चुकीचा निर्णय एका संघाला थेट सेटच्या उंबरठ्यावर नेऊन ठेवतो. गुणपद्धती बदलल्याने पंचांची जबाबदारीही वाढली.

रेषेचा वाद वाळू मिटवते

कोणत्याही चेंडूच्या खेळात सर्वाधिक वाद होतात ते 'आत की बाहेर' या प्रश्नावर. लाकडी किंवा सिमेंटच्या मैदानावर चेंडू टप्पा घेतो आणि मागे काही ठेवत नाही. वाळू मात्र खूण ठेवते. बीच व्हॉलीबॉलच्या पंचांना त्यामुळे एक जास्तीचा साक्षीदार मिळतो आणि त्याची साक्ष कशी घ्यायची, याची पद्धतही ठरलेली आहे. शंका असेल तर प्रथम पंच खेळ थांबवून खूण तपासण्याची सूचना देतात. खेळाडूंनी त्या जागेपासून दूर राहावे लागते. पंच खूण पाहतात, ती रेषेला भिडते की नाही हे ठरवतात आणि मगच कौल कायम राहतो किंवा बदलतो. मुद्दाम खूण पुसणे हे गैरवर्तन समजले जाते.

ही साक्षही नीट वाचावी लागते. वाळूवर चुन्याची रेषा टिकत नाही, म्हणून पाच सेंटिमीटर रुंदीची पट्टी ताणून बांधतात. ती हलते. चेंडू पट्टीच्या शेजारी पडला आणि ढकललेल्या वाळूमुळे पट्टी थरथरली, तर प्रेक्षक 'आत' म्हणून ओरडतात. निर्णय मात्र 'बाहेर' असाच द्यायला हवा. पट्टीला चेंडू लागायला हवा, वाळू लागून भागत नाही. सर्व्हिस करणाऱ्याच्या पायाबाबतही हेच तत्त्व आहे. पाय रेषेला लागला किंवा तिच्याखाली गेला तर चूक. पण पायाने सरकलेल्या वाळूमुळे रेषा हलली, तर ती चूक नाही. नियम करणाऱ्यांनी वाळूचा स्वभाव ओळखून ही तरतूद केली आहे.

कोकणातील स्पर्धांसाठी यातून एक व्यावहारिक बाब निघते. ओहोटीनंतर उघडी पडलेली ओलसर वाळू घट्ट असते. तिच्यावर धावणे सोपे जाते, खूणही ठसठशीत उमटते, म्हणून तिथे जाळे बांधण्याचा मोह होतो. नियमांना मात्र किमान ४० सेंटिमीटर खोलीची, बारीक आणि सुटी वाळू अपेक्षित आहे. अशी वाळू भरतीच्या रेषेच्या वर मिळते. तिथे खूण लवकर ढासळते, वाऱ्याने पुसट होते. खेळाडूच्या झेपेसाठी सुरक्षित असलेली वाळू पंचांसाठी तितकीशी सोयीची नसते. चार कोपऱ्यांवर चार रेषापंच नेमणे आणि खूण ताबडतोब तपासणे, हाच त्यावरचा उपाय.

हाताचा निवाडा

वाळू सांगते ते फक्त चेंडू कुठे पडला एवढेच. तो हाताला कसा लागला, हे ती सांगू शकत नाही. बीच व्हॉलीबॉलमधील अवघड निर्णय नेमके इथेच सुरू होतात.

चेंडू धरता किंवा फेकता येत नाही, हे सर्वांना ठाऊक असते. दोन्ही हातांच्या बोटांनी डोक्यावरून दिलेल्या पासमध्ये चेंडू दोन्ही हातांना एकाच वेळी लागला पाहिजे. आधी एका आणि मग दुसऱ्या हाताला लागला तर तो 'डबल टच'. सहा खेळाडूंच्या व्हॉलीबॉलमध्ये संघाच्या पहिल्या स्पर्शाला या बाबतीत बरीच सवलत आहे. वाळूवर ती नाही. बोटांनी घेतलेला पहिला चेंडूही स्वच्छच लागावा लागतो. म्हणून बहुतेक खेळाडू सर्व्हिस घेताना मनगटे जुळवूनच घेतात.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. समोरून जोरदार फटका आला, तर बचाव करताना चेंडू क्षणभर हातात रेंगाळला तरी चालतो. पण 'जोरदार' कशाला म्हणायचे? नियमात वेगाचा आकडा दिलेला नाही. फटका किती अंतरावरून आला, चेंडूचा मार्ग कसा होता आणि खेळाडूला हात बदलायला वेळ होता का, हे पाहून पंचांनी ठरवायचे असते. तोच बचाव एका रॅलीत वैध आणि पुढच्या रॅलीत अवैध ठरू शकतो, आणि दोन्ही निर्णय बरोबर असू शकतात. प्रेक्षकांना हा पक्षपात वाटतो तो या तरतुदीच्या अज्ञानामुळे.

दुसरा गैरसमज चेंडूच्या फिरकीचा. पास दिल्यावर चेंडू फिरला म्हणजे 'डबल टच' झालाच, असे अनेक जण छातीठोकपणे सांगतात. नियमात फिरकी हा निकष नाही. फिरकी दिसली तर स्पर्श सदोष असल्याची शंका येऊ शकते. निर्णय मात्र स्पर्शाच्या क्षणावर द्यायचा असतो, नंतर हवेत काय दिसले यावर नव्हे.

तिसरी बाब बोटांनी हळूच चेंडू पलीकडे टाकण्याची, म्हणजे आपल्याकडे ज्याला 'प्लेसिंग' म्हणतात त्याची. सहा खेळाडूंच्या खेळात उघड्या पंजाच्या बोटांनी तसे करता येते. वाळूवर आक्रमणात ते चालत नाही. बोटे ताठ आणि जुळलेली हवीत किंवा बोटांची पेरे वापरावी लागतात. सभागृहात खेळून वाळूवर आलेले खेळाडू इथे हमखास फसतात. त्यातच महाराष्ट्रात ग्रामीण भागात शूटिंग व्हॉलीबॉलची स्वतंत्र परंपरा आहे आणि तिथे चेंडूला हात कसा लावायचा याचे संकेत निराळे आहेत. म्हणजे एकाच किनाऱ्यावर तीन सवयींचे खेळाडू एकत्र येतात. पंचांनी सामन्याआधी निकष सांगितला नाही, तर प्रत्येक जण आपल्या सवयीलाच नियम समजून भांडतो.

वारा आणि हेतू

सर्वात नाजूक निर्णय आहे तो हेतूचा. बोटांनी डोक्यावरून दिलेल्या पासने चेंडू पलीकडे पाठवायचा असेल, तर तो खांद्यांच्या रेषेशी काटकोनातच, म्हणजे सरळ पुढे किंवा सरळ मागे गेला पाहिजे. बाजूला गेला तर चूक. मात्र खेळाडू आपल्या साथीदारासाठी पास देत असताना चेंडू जाळ्यापलीकडे गेला, तर ती चूक धरली जात नाही.

कुणकेश्वरसारख्या पश्चिमेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावर दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो. साथीदारासाठी उचललेला चेंडू वाऱ्याने हातभर सरकून पलीकडे पडला, तर पंचांनी काय पाहायचे? खेळाडूचे खांदे कुणीकडे होते, साथीदार चेंडूकडे धावत होता का आणि चेंडू हातातून सुटताना त्याची दिशा कोणती होती. वारा सर्वांसाठी सारखा असतो आणि दर सात गुणांनंतर बाजू बदलून नियमांनी तो अन्याय वाटून घेतला आहे. पण वाऱ्याने नेलेला चेंडू आणि वाऱ्याच्या नावावर खपवलेला चेंडू यांतील फरक फक्त नजरेलाच कळतो.

जाळ्याखालून पलीकडे जाण्याचेही असेच आहे. प्रतिस्पर्ध्याच्या खेळात अडथळा येत नसेल तर खेळाडू जाळ्याखालून पलीकडे जाऊ शकतो. मग अडथळा कशाला म्हणायचे? धक्का लागलाच पाहिजे असे नाही. प्रतिस्पर्ध्याला मार्ग बदलावा लागला तरी तो अडथळाच. जाळ्यावर दोन प्रतिस्पर्ध्यांनी एकाच वेळी चेंडू दाबून धरला, तर मात्र खेळ चालू राहतो. काही ठिकाणी पंचांनी शिट्टी न वाजवणे हाच योग्य निर्णय असतो.

हा सगळा सूक्ष्म विचार केवळ पुस्तकी नाही, हे २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकने दाखवून दिले. आयफेल टॉवरच्या पायथ्याशी झालेल्या पुरुषांच्या अंतिम सामन्यात स्वीडनच्या डेव्हिड ओमान आणि योनाथन हेल्विग यांनी जर्मनीच्या एलर्स-विकलर जोडीला हरवले. त्यांच्या खेळाचे वैशिष्ट्य असे, की दुसऱ्या स्पर्शालाच खेळाडू स्मॅश मारण्याच्या आविर्भावात उडी घेतो आणि ऐनवेळी हवेतूनच साथीदाराला पास देतो. समोरचा ब्लॉक करणारा गोंधळून जातो. ही शैली उभी आहे ती उडीत दिलेल्या स्वच्छ पासवर. पंच त्या स्पर्शाकडे कोणत्या काटेकोरपणे पाहतात, यावर एका नव्या शैलीचे भवितव्य ठरते. जगभरातील तरुण जोड्या तिचे अनुकरण करू लागल्या आहेत, म्हणजे हा प्रश्न आपल्या किनाऱ्यांवरही येणारच.

कॅमेरा कुठवर पुरतो?

यावर सोपे उत्तर दिले जाते ते कॅमेऱ्याचे. जागतिक स्पर्धांत संघांना कॅमेऱ्याच्या आधारे निर्णयाला आव्हान देता येते. पण चेंडू आत की बाहेर, ब्लॉकला लागला का, जाळ्याला किंवा अँटेनाला स्पर्श झाला का, सर्व्हिसचा पाय रेषेवर होता का, हे त्या आव्हानाचे विषय आहेत. 'डबल टच' आणि चेंडू धरल्याचा निर्णय त्यात येत नाही. जिथे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे देता येते तिथे यंत्र, आणि जिथे तारतम्य लागते तिथे माणूस, अशी ही विभागणी आहे.

गावच्या स्पर्धेत आव्हानाची यंत्रणा नसते, पण प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो. वाद झाला की चित्रफीत दाखवली जाते. तिच्यावर किती विसंबायचे, हे साध्या गणितावरून कळते. ताशी ७२ किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला २० मीटर जातो. सेकंदाला ३० चित्रे टिपणाऱ्या मोबाइलवर दोन चित्रांमधल्या वेळेत तो सुमारे ६७ सेंटिमीटर सरकलेला असतो. पाच सेंटिमीटरच्या रेषेचा न्याय त्यावर करता येणार नाही. शिवाय कॅमेरा रेषेच्या सरळ रांगेत नसेल तर चेंडू आहे त्यापेक्षा वेगळ्या जागी भासतो. अशा वेळी वाळूवरची ताजी खूण मोबाइलपेक्षा कितीतरी विश्वासार्ह असते.

हांगझोऊ आणि अहिल्यानगरचा धडा

निर्णयाचा वाद केवढा चिघळू शकतो, याची दोन उदाहरणे मराठी क्रीडारसिकांच्या स्मरणात ताजी आहेत. हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ७ ऑक्टोबर २०२३ रोजी भारत आणि इराण यांच्यातील पुरुष कबड्डीच्या अंतिम सामन्यात २८-२८ अशी बरोबरी असताना पवन सेहरावतच्या चढाईवर वाद झाला. स्पर्श न होता चढाईपटू आणि बचावपटू लॉबीत गेले तर बाद कोण, यावर जुना नियम एक सांगत होता आणि प्रो कबड्डीत रुळलेला नवा नियम दुसरेच. निर्णय फिरला, पुन्हा फिरला, सामना बराच वेळ थांबला. अखेर भारताने ३३-२९ असा विजय मिळवला. अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे हे महाराष्ट्राचे खेळाडू त्या सुवर्णविजेत्या संघात होते. पंचांना घडलेला प्रसंग दिसला होता. तो कोणत्या पुस्तकाने मोजायचा, हेच आधी पक्के नव्हते.

दुसरे उदाहरण २ फेब्रुवारी २०२५ चे. अहिल्यानगर येथील महाराष्ट्र केसरी स्पर्धेत गादी विभागाच्या अंतिम लढतीत चितपटीच्या निर्णयावरून पराभूत मल्लाने पंचांवर हात आणि पाय उगारला. तीन वर्षांच्या बंदीची कारवाई जाहीर झाली. पंचांवर हल्ला कोणत्याही कारणाने समर्थनीय ठरत नाही. त्याचबरोबर, निर्णयाची तपासणी कशी होणार हे लढतीपूर्वी सर्वांना ठाऊक असते, तर राग तिथवर गेला असता का, हा प्रश्नही टाळता येत नाही.

पहिल्या प्रसंगात नियम एक नव्हता. दुसऱ्यात निर्णय तपासण्याच्या पद्धतीवर विश्वास नव्हता. बीच व्हॉलीबॉलची खूण तपासण्याची पद्धत या दोन्ही दृष्टींनी पाहण्यासारखी आहे. ती सर्वांदेखत होते, तिचा क्रम ठरलेला आहे आणि पंचांनी आपला कौल बदलला तर त्यात कमीपणा मानला जात नाही.

किनाऱ्याने काय करावे?

सिंधुदुर्गात कुणकेश्वरपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत वाळूची वाण नाही. पर्यटनाच्या निमित्ताने किनारी स्पर्धांचे प्रमाण वाढणार, हेही दिसते आहे. अशा वेळी आयोजकांचा खर्च मंडप, ध्वनिक्षेपक आणि चषक यांवर होतो. पंचांच्या वाट्याला बहुधा मानाचा नारळ येतो. हा क्रम बदलायला हवा.

त्यासाठी फार मोठा निधी लागत नाही. स्पर्धेच्या पत्रकावरच कोणत्या नियमांनी खेळले जाईल हे छापावे. सभागृहातील आणि वाळूवरील नियमांची सरमिसळ होऊ देऊ नये. सामन्यापूर्वी पंचांनी दोन्ही संघांना बोलावून हाताच्या स्पर्शाबाबतचा आपला निकष सांगावा आणि पहिल्या गुणापासून शेवटच्या गुणापर्यंत तोच ठेवावा. यजमान संघाच्या सामन्याला दुसऱ्या गावचे पंच असावेत. रेषापंच म्हणून त्याच स्पर्धेतील बाद झालेल्या संघांचे खेळाडू बसवता येतील. त्यातून त्यांचेही शिक्षण होईल. शाळांतील क्रीडाशिक्षक आणि निवृत्त खेळाडू यांच्यासाठी पावसाळ्यानंतर, हंगामाच्या आरंभी, दोन दिवसांचे पंच शिबिर जिल्हा पातळीवर घेता येईल. त्यात नियम वाचून दाखवण्यापेक्षा वाळूवर उभे राहून शंभर पास पाहावेत आणि प्रत्येकावर कौल द्यावा. हाताचा निवाडा करणारी नजर अशीच तयार होते.

खेळाडूंच्या बाजूनेही एक अपेक्षा आहे. चेंडू आपल्या बोटाला लागून बाहेर गेला हे ज्याला ठाऊक असते, तो खेळाडू अनेकदा पंचांकडे पाहत राहतो. कबूल करावेच असे बंधन त्याच्यावर नाही. पण दोनच खेळाडूंच्या या खेळात, जिथे रोज त्याच किनाऱ्यावर त्याच मंडळींबरोबर खेळायचे आहे, तिथे अशी कबुली देणाऱ्याचा शब्द पुढे वर्षानुवर्षे मानला जातो. प्रशिक्षकांनी मुलांना स्मॅशबरोबर हेही शिकवावे.

दीवमध्ये मणिपूरने जे करून दाखवले, ते समुद्राच्या जोरावर नव्हते. कोकणाकडे समुद्र आहे, वाळू आहे आणि खेळण्याची हौसही आहे. राज्याच्या संघात कुणकेश्वरचा एखादा मुलगा किंवा मुलगी पोहोचायची असेल, तर त्यांचा खेळ ओळखणारे आणि त्यांना न्याय देणारे पंच आधी याच वाळूवर तयार व्हावे लागतील.